घरात एकास पथ्य, तर सर्वांस पथ्य

घर भाड्याने देताना लोक पगार विचारतात, लग्न झालंय का विचारतात, मटण-मासे शिजवणार का विचारतात. मामांनी मला जीभ बाहेर काढायला सांगितली.

मी तेव्हा तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये राहत होतो. मॅन्शन म्हणजे हवेली नव्हे. एकटे पुरुष जिथे खाटेला खाट लावून राहतात आणि एकमेकांचे टॉवेल वापरतात, त्या इमारतीला चेन्नईत मॅन्शन म्हणतात. सकाळी ओरगडमच्या कारखान्याची बस, दुपारी कँटीनचं सांबार, संध्याकाळी मेसचं सांबार, आणि मधल्या वेळात पोटात जे काही चालायचं ते. सांगलीचा माणूस तिखटाला भीत नाही, असं मी कारखान्यात छाती काढून सांगायचो आणि मग कोपऱ्यात जाऊन पित्ताची गोळी चघळायचो. शेवटी पोटाने असहकार पुकारला. तेव्हा कुणीतरी सांगितलं की देवळामागच्या गल्लीत एक मराठी बोलणारं वयस्कर जोडपं वरची खोली देतंय, जेवणासकट. ‘मराठी’ आणि ‘जेवण’ हे दोन शब्द एकाच वाक्यात ऐकून मी तसाच निघालो.

दारात पांढरी वेष्टी नेसलेले, उघड्या अंगाचे, काटकुळे गृहस्थ उभे होते. मी नमस्कार करून माझी माहिती सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“जीभ काढा, तंबी.”

तंबी म्हणजे धाकटा भाऊ, एवढं तमिळ मला येत होतं. मी थोडीशी काढली.

“आणीक काढा. लाजूं नका.”

रस्त्यावरून एक बाई फुलं विकत जात होती, तीही थांबून पाहायला लागली. मामांनी डोळे बारीक करून माझी जीभ वाचली आणि मान हलवली. “खोली देऊं. पण आरंभीं रसम-भात. ताक मागाहून. लोणचें नक्को.”

“आणि भाडं?” मी जीभ आत घेत विचारलं.

“तें मामी सांगतील. मी पोटाचें बघतों.”

तंजावरच्या राजांबरोबर कधीकाळी इकडे आलेल्या घराण्यातले ते. त्यांची मराठी ऐकताना मला आधी वाटलं, हे माझी थट्टा करताहेत. मग कळलं की ते सरळच बोलतात, मीच वाकडा ऐकतोय. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत असं होतं की ती फार घाईची आहे आणि तिच्यात इंग्रजी फार आहे. त्यांच्या मराठीत निम्मं तमिळ होतं, पण ते त्यांच्या हिशेबी नव्हतं. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो.

नोकरीत असताना मामा रेल्वेच्या इस्पितळात औषधं द्यायचे. डॉक्टरने चिठ्ठी लिहायची, पेशंटने खिडकीपाशी यायचं आणि मामांनी गोळ्या मोजून द्यायच्या, एवढंच काम. पण मामा गोळ्यांबरोबर पथ्यही द्यायचे. ते डॉक्टरने लिहिलेलं नसायचं. ते मामांचं स्वतःचं असायचं. “ही तीन वेळां. वांगें नक्को. ही रात्रीं. चिंच नक्को.” रांगेतले लोक निमूट मान डोलवायचे. एकदा वरपर्यंत तक्रार गेली की हा माणूस तापाच्या गोळीबरोबर फणस बंद करतो. मामांनी उत्तर पाठवलं की फणस चालू ठेवावा असा वरून हुकूम असल्यास दाखवावा. तसा हुकूम कुठून निघणार? प्रकरण तिथेच मिटलं.

लोकांना वाटायचं, रेल्वेच्या इस्पितळातला माणूस म्हणजे इंग्रजी औषधाचा भक्त असणार. घरात यावं तर स्वयंपाकघराच्या दारात दोन कपाटं. एकात गोळ्या आणि बाटल्या, दुसऱ्यात मुळ्या, साली, बिया आणि वाळलेला पाला. कोपऱ्यावरच्या गावठी औषधांच्या दुकानात मामा रोज जायचे आणि भाजी निवडावी तशी पिंपळी निवडायचे. पहाटे उठून कषाय उकळायचे. मामींना एक पेला, स्वतःला एक पेला आणि आता मलाही एक. कषाय म्हणजे आपला काढा, पण आपल्या काढ्यात थोडी तरी माणुसकी असते.

“मामा, यातलं खरं औषध कोणतं? गोळी की कषाय?” मी एकदा विज्ञाननिष्ठ चेहरा करून विचारलं.

“उजवा पाय खरा की डावा पाय?” मामा म्हणाले.

त्यांचं भांडण दोन्ही औषधांपैकी कुणाशीच नव्हतं. त्यांचं भांडण होतं पथ्य न सांगणाऱ्या माणसाशी. “पथ्य नाहीं तर रोगास कसें कळावें, आपण रागावलों आहों म्हणून?” असं ते विचारायचे.

माझ्या पोटासाठी कंपनीने नुंगंबाक्कममधल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तेव्हा मामा बरोबर आले. मी नको म्हणालो होतो. पोटात नळी घालून तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सूज आहे म्हणून गोळ्या लिहून दिल्या. मी उठलो. मामा उठले नाहीत.

“डॉक्टर, पथ्य?”

“काही नाही. नॉर्मल खाऊ दे.”

“नॉर्मल म्हणजे कोणाचें?” मामांनी विचारलं. “तुमचें, माझें, की या तंबीचें? यांचें नॉर्मल खाऊनच तर हें झालें.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राकडे पाहिलं. खाली उतरताना जिन्यातच मामांनी त्या गोळीचं पथ्य ठरवून टाकलं. तळलेलं नाही, हिरवी मिरची नाही, आणि गोळी घेतल्यावर मोबाइल नाही. शेवटचं कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, “तें तुम्हांस हवेंच आहे.”

मोबाइलचं त्यांना कळलं होतं. मीही आपल्या परीने निसर्गोपचार करायचो, पण माझे वैद्य सगळे पडद्यावरचे. एकाने सांगितलं म्हणून सकाळी लिंबू-मध, दुसऱ्याने सांगितलं म्हणून आवळ्याचा रस, तिसऱ्याने सांगितलं म्हणून सफरचंदाचं व्हिनेगर. सूज आलेल्या पोटात हे सगळं ओतून वर मी कारखान्यात ‘नैसर्गिक’ या विषयावर बोलायचो. माझं काम तिथे क्वालिटीचं. गाडीचा एक नट ढिला राहिला तर मी अख्खी लाइन थांबवायचो. माझ्या आत काय काय ढिलं आहे, ते मात्र अमेरिकेतला कुणीतरी दाढीवाला सांगणार. मामांनी एकदा तो व्हिडिओ माझ्या शेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला.

“पथ्य काय सांगितलें?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. सबस्क्राइब करा म्हणाला.”

मामा उठून कषाय आणायला गेले.

दिवाळीची गोष्ट तर मी आईलाही पूर्ण सांगितलेली नाही. पहाटे अभ्यंगस्नान करून खाली आलो, तर मामा चांदीच्या वाटीत काळंभोर, तुपाने चकाकणारं काहीतरी घेऊन उभे. वास गुळाचा. घर सोडून पहिलीच दिवाळी, डोळ्यांत पाणी येण्याच्या बेतात, आणि समोर एवढ्या प्रेमाने फराळ. मी वाटी हातात घेतली आणि बोटांनी चाटून पुसून साफ केली. मामी स्वयंपाकघरातून “अय्यो, अय्यो” करत धावत येईपर्यंत वाटी मोकळी झाली होती. ते दिवाळीचं लेह्य होतं. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा असलं सगळं गुळात आणि तुपात शिजवून करतात, आणि दिवसभर गोड पचावं म्हणून सकाळी सुपारीएवढं घेतात. मी जे खाल्लं ते सबंध गल्लीचं होतं.

उरलेली दिवाळी मी न्हाणीघरात काढली. बाहेर फटाके वाजत होते आणि मामा दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते. “घाबरूं नका. काय जातें तें जाऊं द्या. वर्षाचें स्वच्छ झालें म्हणून समजा.” संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, फराळ मिळाला का रे? मी म्हणालो, पोटभर.

या सगळ्यात मामांचा एक नियम असा होता की तो ऐकून मी खोली सोडायचा विचार केला होता. घरात एकाला पथ्य लागलं की ते सगळ्यांना. मामींना खोकला झाला की दही घरातून हद्दपार. मामांची साखर वाढली की माझा गूळ बंद. माझ्या पोटापायी त्या दोघांनी कितीतरी दिवस लोणच्याची बरणी उघडली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. मामांचं म्हणणं असं की एकाने कण्हेरी प्यायची आणि दुसऱ्याने शेजारी बसून पापड मोडायचा, हे जेवण नाही, हा छळ आहे. “रोग एकास येतो, पथ्य घरास येतें,” असं ते म्हणायचे.

मी अर्थात पळवाट काढली होती. तिरुवल्लिकेणीत बिर्याणी पावलोपावली मिळते. घरात कुणाचंही पथ्य सुरू झालं की मी बसमधून एक थांबा आधी उतरायचो, खायचो, बडीशेप चघळायचो आणि साळसूद चेहऱ्याने रसम-भाताला बसायचो. मामा ताट वाढताना नाक किंचित उचलायचे आणि म्हणायचे, “आज भूक कमी दिसते.” दुसऱ्या दिवशी माझ्या कषायाचा पेला मोठा असायचा. तो मी जिन्यातल्या कुंडीत ओतायचो. कुंडीतली कोरफड त्या वर्षी कमरेएवढी झाली.

आता मामींबद्दल. मामी कमी बोलायच्या, आणि मामा देतील ते प्यायच्या. मामा समोर उभे राहायचे, मामी पेला रिकामा करायच्या, पदराने ओठ टिपायच्या आणि कामाला लागायच्या. तोंड वाकडं केलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघांच्या दिवसाला त्या पहाटेच्या पेल्यापासून सुरुवात व्हायची.

एका पावसाळ्यात मामींना जिना चढताना धाप लागायला लागली. मामांनी आठवडाभर पाय, जीभ, नखं पाहिली आणि कुणी न सांगता त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथे तपासण्या झाल्या आणि कळलं की लहानपणच्या कुठल्याशा तापाने हृदयाची एक झडप खराब झालेली आहे आणि ती बदलायला हवी. मला वाटलं होतं, मामा आधी काहीतरी उकळतील. त्यांनी लगेच सही केली. “झडप कषायानें बसत नाहीं,” एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी रजा टाकून त्यांच्याबरोबर बाहेर बाकावर बसलो. दिलासा देणं आपल्याला जमतं असा माझा समज होता. दुपारपर्यंत मामांनी मलाच दोनदा पाणी आणून दिलं.

ऑपरेशन नीट झालं. धातूची झडप बसली. खोली शांत असली की मामींच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू यायची. मला ती ऐकून कसंतरी व्हायचं. मामा मात्र कॉटला कान देऊन बसायचे. “चांगलें झालें,” म्हणायचे, “आतां न विचारतां कळतें.”

घरी सोडायच्या आधी डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, केस घाईत बांधलेले. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि मामींना विचारलं, “घरी रोज काय जेवता?”

मामा खुर्चीतून उठून उभे राहिले.

बाई सांगत होत्या की आता रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागेल. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी होईल, आणि फार पातळ झालं तर रक्त वाहायला लागेल. दोन्हीत जीव जाऊ शकतो. म्हणून रक्त तपासून एक आकडा बघत राहायचा आणि तो ठरल्या मर्यादेत ठेवायचा. पालेभाजीने या गोळीचा जोर कमी होतो. पालेभाजी बंद करायची नाही, पण रोज साधारण तेवढीच खायची. आणि गावठी औषध, कषाय, असलं काहीही द्यायचं नाही.

शेवटचं वाक्य ऐकून मी मामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. सबंध आयुष्य ज्या गोळीची वाट पाहिली ती आज आली होती. पथ्य असलेली इंग्रजी गोळी! “अशी पाहिजे डॉक्टर,” ते टॅक्सीत मला म्हणाले, “जेवण विचारते.” घरी येताच त्यांनी मुळ्यांचं कपाट रिकामं केलं. मामींचा कषाय बंद, म्हणून स्वतःचाही बंद, आणि माझाही. मी चेहरा पाडून “काय करणार” म्हणालो आणि वर जाऊन एकटाच नाचलो.

पण आकडा काही जागेवर बसेना. एकदा कमी यायचा, एकदा जास्त. बाई गोळी वाढवायच्या, मग कमी करायच्या. एका सकाळी दात घासताना मामींच्या हिरड्यांतून रक्त सुरू झालं आणि थांबेचना. पांढऱ्या पंच्यावर लाल डाग वाढत चालला होता. मामांनी पंचा दाबून धरला होता. मी रिक्षा आणली. रिक्षात मामी शांत बसल्या होत्या, आणि मामा त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, “बोलूं नका, बोलूं नका.” मामी मुळीच बोलत नव्हत्या.

रक्त थांबलं. आकडा फार चढला होता, म्हणजे रक्त फार पातळ झालं होतं. बाईंनी या वेळी आमच्यापुढे खुर्ची ओढली. त्यांच्या आवाजात काळजी होती. “असंच खालीवर होत राहिलं तर मला यांची भीती वाटते. गोळी चुकते का?”

“रेल्वेंत गाड्या चुकल्या,” मामा म्हणाले, “माझी गोळी चुकली नाहीं.”

“गावठी औषध?”

“एकही नाहीं. देवाशपथ.”

ते खरं बोलत होते. मीही साक्ष दिली. क्वालिटीतल्या माणसाने द्यावी तशी, ठाम. बाईंनी थोडा विचार केला आणि मामींकडे वळल्या. “मामी, तुम्ही सांगा. उठल्यापासून काय काय पोटात जातं?”

मामी हळूहळू सांगू लागल्या. उठल्यावर सुंठीचं पाणी. मग दुधात हळद आणि मिरी. न्याहारीला भातावर शेवग्याच्या पाल्याची पूड. जेवणाआधी लसणीचं लेह्य. पावसाळी हवा असली तर लसूण जास्त. ऊन असलं तर मेथी आणि आणखी कसला कसला पाला. गुडघे दुखले तर आणखी एक पूड, तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

“मामा, हे सगळं औषध नाही?”

मामांना धक्का बसला होता. “हें जेवण आहे, डॉक्टर. औषध कपाटांत होतें. तें बंद केलें. हें स्वैंपाकघरांतलें.”

मामा बनवाबनवी करत नव्हते. त्या मुलखात म्हातारी माणसं सांगतात की अन्न हेच औषध, आणि मामांनी ते इतकं मनापासून मानलं होतं की चुलीशेजारच्या डब्यातली पूड औषध ठरू शकते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. हवा पाहून रोज पुड्या बदलत होत्या, आणि आकडा त्यांच्यामागे वरखाली धावत असणार. मीही त्याच ताटात रोज जेवत होतो आणि रोज विचारत होतो, आज भातावर हे हिरवं काय छान लागतंय.

“उद्या तुमचं सगळं जेवण इथे घेऊन या,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हातांत दोन पिशव्या आणि मामा मांडीवर एक मोठा डबा घेऊन, मामींना मध्ये बसवून, रिक्षातून निघालो. रिक्षावाल्याने विचारलं, दुकान हलवताय का? बाईंच्या टेबलावर बरण्या मांडल्या तेव्हा त्यांना आपला कॉम्प्युटर खाली ठेवावा लागला. लसणीच्या लेह्याचं झाकण निघताच बाहेर बसलेले पेशंट वळून पाहायला लागले. बाईंनी एकेक बरणी उघडली, वास घेतला, नाव विचारलं. हे स्वयंपाकात पडतं तेवढं चालेल. हे चालेल, पण रोज तेवढंच. आणि मग एक बरणी बाजूला ठेवत म्हणाल्या, “याचं या गोळीबरोबर काय होतं ते मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून नको.” तशा बरण्या बाजूला जमत गेल्या, आणि शेवटी तीच रांग सगळ्यांत लांब झाली.

मामा त्या रांगेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. त्यातली निम्मी पूड त्यांनी स्वतः उन्हात वाळवून कुटलेली होती.

“इतक्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या,” ते शेवटी म्हणाले, “माहीत नाहीं म्हणून सांगणारे कोणी भेटले नव्हते. तुमचें मी ऐकतों.”

परत येताना त्यांनी ती लांब रांग कोपऱ्यावरच्या त्याच दुकानदाराला देऊन टाकली. मामी रिक्षातच बसल्या होत्या. मामा आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी डोळे पुसले होते, आणि मी म्हणालो, दुकानातल्या मिरचीच्या पोत्यांनी डोळे फार झोंबतात.

त्यानंतर मामा मोजून जेवण वाढायचे. पालेभाजी रोज त्याच डावाने, तेवढीच. ऊन असो, पाऊस असो. आकडा हळूहळू जागेवर बसला आणि तिथेच राहिला. बाईंनी एकदा खूश होऊन विचारलं की हे कसं जमवलं. मामांनी उत्तर दिलं, “रागावणें सोडलें.” हवा पाहून रोज रोगावर नवी पूड सोडणं म्हणजे त्यांचं रागावणं, हे बाईंना कळलं नाही, आणि मीही समजावून सांगितलं नाही.

पण मामांचा स्वतःचा चेहरा उतरला होता. पहाटे उठायची सवय मोडत नव्हती. उठायचे, भांडं चढवायचे, आणि मग त्यात नुसतं पाणी उकळायचे. आम्हा तिघांना गरम पाण्याचा पेला. साठ वर्षांची जिभेची सवय, आणि वर काहीच नाही. ते पाणी पिताना त्यांचा चेहरा मला बघवत नसे. ज्या कषायाला मी इतक्या शिव्या घातल्या होत्या, तो कुणीतरी या माणसाला परत द्यावा असं मला वाटायला लागलं. एकदा सर्दी झाली म्हणून मीच लाडीगोडी लावली. “मामा, थोडा कषाय करा ना, माझ्यासाठी.” त्यांनी मला गोळी दिली.

मग पुढच्या तपासणीला मी शहाणपणा केला. बाईंना सांगितलं की मामांनी स्वतःचाही कषाय बंद केलाय. बाई हसल्या. “मामा, पथ्य त्यांना आहे. तुम्ही रक्ताची गोळी घेत नाही. तुमच्या वाट्याचा कषाय तुम्ही खुशाल प्या.”

“घरांत वास जातो, डॉक्टर,” मामा म्हणाले. “यांस प्यायला मिळणार नाहीं, आणि यांच्यापुढें मी कसा पिऊं? इतकीं वर्षें संगतीनें प्यालों.”

मामींनी पदर सारखा केला.

मामा औषधं घ्यायला खिडकीपाशी गेले आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. मामींच्या छातीतली टिकटिक ऐकू येत होती. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी भाषण देतो. “मामी, तुम्हालाही फार आठवण येत असेल ना कषायाची? तुम्ही तर कधी तोंडसुद्धा वाकडं केलं नाहीत.”

मामींनी आधी खिडकीकडे पाहिलं. मामा तिथल्या मुलीला गोळ्यांचं पथ्य विचारत होते.

“तंबी,” मामी हळूच म्हणाल्या, “लग्नाच्या दुसरे दिवशीं पहिला पेला दिला. तेव्हांपासून एक दिवस तो मला आवडला नाहीं. वास आला तरी पोट ढवळतें. हे पहांटे उठून करीत, समोर उभे राहत. काय म्हणून नाहीं म्हणावें?”

मी थक्क झालो. मग मला हुरूपच आला. “अहो मग सांगा ना त्यांना! किती सोपं होईल. तुम्हाला नकोच आहे म्हटल्यावर ते बिनघोर पितील. मी सांगू?”

“नक्को.” मामींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिलो, पण त्यांनी मला हात लावायची ही पहिलीच वेळ. “कळलें तर उद्यांपासून पितील. मग माझ्यासाठीं सोडायला त्यांजवळ काय उरेल?”

मामा औषधं घेऊन परत आले. सवयीने जरा वेळ उभे राहून मामींच्या छातीचा आवाज ऐकला, आणि मग शेजारी बसले. खिडकीतल्या मुलीने पथ्य सांगितलं नाही म्हणून ते नाराज होते. घरी जायला रिक्षा मिळेपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो होतो.

“डॉक्टर म्हणते, मी प्यावा म्हणून,” मामा समोर बघत म्हणाले. “लहान आहे. तिला कळत नाहीं.” मग त्यांनी मामींना विचारलं, “फार आठवण येते काय हो?”

“येते तर,” मामी म्हणाल्या. “फार येते.”

मामांनी समाधानाने मान हलवली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. “येईलच. सहज सुटतें काय तें? मलाही येते. सोसायचें.”